आमच्या वाट्याला आलेला अल्बेनिया

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला राहायची आणि अंधेरीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या बायकांची प्रार्थना सभा कुणाच्या तरी घरी भरायची. आठ-नऊ जणी, एक पेटी, आणि शेवटी चहा-पोहे.

एका शनिवारी पाळकबाईंनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रींच्या बायकोने, डब्यातून चिठ्ठ्या आणल्या. ज्या देशांत आपल्या विश्वासाला बंदी आहे किंवा त्रास आहे, त्यांची नावं. दोघींत एक देश, वर्षभर त्याच्यासाठी प्रार्थना करायची. माझ्या जोडीला मावशी आल्या. मावशी म्हणजे रिटायर्ड नर्स, तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या. आमच्या चिठ्ठीत निघालं, अल्बेनिया.

"हे कुठं आलं गं?" मावशींनी विचारलं.

"युरोपात असावं."

"युरोपात? मग तिथं कसला त्रास?"

पाळकबाईंनी सांगितलं, तिथल्या सरकारने चर्च, मशिदी, सगळं बंद केलंय. प्रार्थना केली म्हणून लोक तुरुंगात आहेत. मावशींचा चेहरा लाल झाला. त्या तिथल्या तिथे उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हे प्रभू, त्या सरकारची वाट लाव!"

आमचे मिटलेले डोळे फटाफट उघडले. कोपऱ्यातून एकीने जोरात "आमेन" म्हटलं, तेव्हा मला हसू आवरेना.

चहा घेताना पाळकबाईंनी हळूच विषय काढला. "मावशी, वॉर्डात शिव्या देणारा पेशंट आला तर काय करायचात?"

"काय करणार? अंग पुसायचं, औषध द्यायचं. एकाने तर जेवणाचं ताट फेकून मारलं होतं मला."

"मग देवाकडे काय मागितलंत त्याच्यासाठी?"

मावशींनी बशीत चहा ओतला, प्यायला, आणि मग म्हणाल्या, "ताप उतरू दे म्हटलं." आणि बशी खाली ठेवत पुढे, "पण दुसऱ्या दिवशी ताट हातात नाही दिलं हं त्याच्या! मीच भरवलं."

"मग हेच मागा ना," पाळकबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मावशी पुन्हा उभ्या राहिल्या. "प्रभू, तुरुंगातल्यांना पांघरूण मिळू दे, त्यांचा धीर सुटू देऊ नकोस. पहारेकऱ्यांना नीट झोप लागू दे, म्हणजे ते चिडचिड करणार नाहीत. तिथलं सरकार चालवणाऱ्या मोठ्या साहेबांची तब्येत सांभाळ. फक्त त्यांच्या हातातलं ताट तेवढं काढून घे."

या वेळी सगळ्याच हसल्या, आणि सगळ्यांनीच आमेन म्हटलं.

मला वाटलं, आपणही काही करावं. मी लायब्ररीत जाऊन अल्बेनियाबद्दल मिळेल ते वाचलं. डोंगर, मेंढ्या, ऑलिव्हची झाडं. एक गंमत सापडली: तिथे होकार द्यायला मान आडवी हलवतात आणि नकार द्यायला उभी. मावशींना हे इतकं आवडलं की पुढच्या सभेत त्यांनी देवालाच समजावलं, "ते तुला नाही म्हणताहेत असं दिसलं, तरी मनाला लावून घेऊ नकोस रे. कदाचित हो म्हणत असतील."

मग एक दिवस म्हणाल्या, "पोरी, त्या साहेबांना पत्र टाईप कर. नुसतं पाठीमागे बोलणं बरं नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी इंग्रजीत टाईप केलं: आम्ही घाटकोपरच्या नऊ बायका. तुमच्यासाठी आणि तुमच्या लोकांसाठी रोज प्रार्थना करतो. लोकांना मोकळेपणाने प्रार्थना करू द्यावी ही विनंती. तब्येतीला जपा.

पोस्टातल्या बाबूने पत्ता दोनदा वाचला, जाड पुस्तक चाळलं आणि विचारलं, "हा देश नक्की आहे ना?"

"आहे तर! आमचाच आहे," मावशी म्हणाल्या.

उत्तर आलं नाही. दोन-तीन महिने मावशी विचारत राहिल्या, मग म्हणाल्या, "साहेब कामात असतील." पण तेव्हापासून त्या पेपरातलं परदेशाचं पान वाचायला लागल्या. कुठे चर्च जाळलं, कुठे कुणाला पकडलं, असं काही दिसलं की आधी दोन शब्द रागाने बोलायच्या, मग चष्मा काढून पेपरवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. मी समोर असले तर मलाही मिटायला लावायच्या.