मनोऱ्यावरून दिसणारी खिडकी

गल्लीत त्याला सगळे मनोरेवाले म्हणत. शहरातल्या सर्वांत उंच मनोऱ्यात तो लिफ्ट चालवायचा. वीसेक वर्षांत माथ्यापर्यंत त्याच्याइतक्या खेपा दुसऱ्या कुणी केल्या नसतील. पण वर दार उघडलं की पर्यटक काचेच्या सज्जाकडे धावत आणि हा गडी बटणांकडे तोंड करून उभा राही. उंचीची त्याला अशी धास्ती, की बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं तरी शेजाऱ्याला हाक मारी. लिफ्टमध्ये मात्र काही वाटत नसे. दार बंद झाल्यावर कसलं वर आणि कसलं खाली!

घरी यातलं कुणालाच माहीत नव्हतं. आईचे गुडघे कामातून गेलेले. तिचं जग म्हणजे खाट आणि खाटेशेजारची खिडकी, आणि खिडकीला खेटून गोदामाची उंच भिंत. म्हणून रोज संध्याकाळी तो तिला शहर सांगे. खाली उतरताना माणसं भरभरून बोलतात. ते तो कान देऊन ऐके आणि घरी आल्यावर तिखटमीठ लावून सांगे. नदीचं वळण, पलीकडचा पांढरा घुमट, बंदरातल्या बोटी. एकदा तर तिला बरं वाटावं म्हणून, "तुझ्या खिडकीतला दिवाही दिसतो वरून," असंही ठोकून दिलं. आई नुसती हसली होती.

पुढे गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आई काठी टेकत चालू लागली आणि तिने फर्मान काढलं: येत्या सुट्टीला मला तुझा मनोरा दाखव.

मनोऱ्याच्या पायथ्याशी वस्तुसंग्रहालय होतं. आईला इथेच दमवायचं, म्हणजे वर जायचं नाव निघणार नाही, असा त्याचा बेत. दिसेल ती पाटी तो पहिल्या शब्दापासून वाचून दाखवू लागला. आई कुठली दमते! एका मडक्यापाशी तर ती खिळूनच राहिली. हजारो वर्षांपूर्वीचं मडकं, आणि ओल्या मातीत उमटलेला कुणाच्या तरी बोटाचा ठसा अजून तसाच. आईने काचेवर आपलं बोट धरून पाहिलं आणि हळूच म्हणाली, आपल्याएवढंच आहे की. त्याच्या अंगावर काटा आला. रोज डबा घेऊन तो याच दालनाच्या दारावरून जात होता. घटकाभर तो मनोरा विसरला. आई विसरली नव्हती.

लिफ्टवर त्याचा जोडीदार होता. त्याला सगळं माहीत. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. वर दार उघडलं, गर्दी पांगली, आणि आईने त्याचा हात धरला. डोळे मिटून, जीव मुठीत धरून तो चालू लागला. चेहऱ्यावर ऊन लागलं तेव्हा कळलं, काच आली.

आई म्हणाली, "नदी तू सांगितलीस तशीच वळलीय."

आणखी एक थाप मारून वेळ निभावली असती, पण त्याच्याने राहवेना. "आई, मी इथे कधी बाहेर आलोच नाही. भीती वाटते मला. सगळं लोकांचं ऐकून सांगायचो."

"ठाऊक आहे. खिडकीसमोर ती भिंत, दिवा कुठून दिसणार? मी तीच बघत पडून होते ना रे."

"मग एवढ्या वर कशाला आलीस?"

"तुला दाखवायला," आई म्हणाली. "उघड डोळे. मी धरलंय."

त्याने उघडले. आईची पकड घट्ट होती. नदी, घुमट, बोटी, सगळं लोक सांगत तिथेच होतं. पण ते एवढं मोठं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शहर थेट आभाळापर्यंत गेलं होतं आणि तिथेही संपत नव्हतं. इतकी घरं, इतकी माणसं, आणि आवाज म्हणून नाही. आई एकेक ठिकाण बोटाने दाखवत होती, त्याच्याच शब्दांत, सगळं तोंडपाठ. तो ती दाखवेल तिकडे आ वासून बघत राहिला.

उतरताना लिफ्टमध्ये तो सारखा बोलत होता आणि जोडीदार बटणांकडे तोंड करून ऐकत होता. बोलण्याच्या भरात त्याने आईलाच विचारलं, बोटी बघितल्यास का तू. आई त्या दिव्याच्या संध्याकाळी हसली होती तशीच हसली.