कार्डावरचा टिळा

पंचायत समितीत रहिवासी ओळखपत्रांच्या खिडकीत बसणाऱ्याला लोक साहेब म्हणतात, पण तो असतो मशीनचा नोकर. तो नोकर मी. जुनी कार्डं घेऊन नवी छापून द्या, असा वरून हुकूम आला आणि कापसाच्या ऐन वेचणीत माझ्यापुढे रांग लागली. लोकांच्या कपड्यांवरचा कापूस उडून प्रिंटरमध्ये शिरायचा. एखादा तंतू अडकला की छापलेल्या चेहऱ्यावर पांढरी रेघ यायची, कार्ड वाया जायचं आणि बोलणी मी खायचो. म्हणून दिवसभर मी रांगेवर खेकसत असे.

त्या रांगेत तांड्यावरची एक म्हातारी आली. तिने पिशवीतून दोन कार्डं काढली, एक तिचं आणि एक तिच्या मुलाचं. तिचं मी नवं करून दिलं. मशीन कार्डाला आत-बाहेर ओढतं. आधी पिवळा चेहरा उमटतो, मग त्यावर लाल, मग निळा, तेव्हा कुठे माणूस दिसतो. ती टक लावून बघत होती.

मुलाच्या कार्डावर नाव होतं, गाव होतं. फोटोच्या जागी पांढुरका डाग होता, त्यावर कसलासा लाल ठिपका.

"मावशी, पोराले आणा लागते. नवा फोटो काढा लागते."

"तो नाही बाबू आता. ट्रकवर होता. पांढरकवड्याच्या रोडवर गेला."

ट्रक जळाला, त्यात मोबाइल गेला, पाकीट गेलं. हे कार्ड तेवढं घरी राहिलं होतं. त्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

"गेलेल्या माणसाचं कार्ड नाही बनत, मावशी."

"कार्ड कायले पाह्यजे मले? तुह्या मशीनमंधून तोंड तेवढं काढून दे त्याचं."

मी कॉम्प्युटरमध्ये शोधलं, अगदी जीव लावून शोधलं. नोंद सापडली. पण जुन्या नोंदी नव्या मशीनवर आणताना मेलेल्यांचे फोटो आणायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. चेहऱ्याच्या जागी रिकामा चौकोन होता. असा संताप आला, आणि तो काढायचा कोणावर? स्क्रीन मी तिच्याकडे वळवली.

ती रडली नाही. म्हणाली, "पयले सारं दिसे. कान, मिशी, सारं. मंग हळूहळू गेलं. काहून गेलं?"

मी कार्ड उजेडात धरलं. कपाळाच्या जागी सकाळचं ताजं कुंकू होतं. गेलेल्याचा फोटो रोज पुसून त्याला टिळा लावायची आपल्याकडे रीत आहे, पण तो फोटो काचेच्या आत असतो. हिने कार्डच देवाजवळ ठेवलं होतं. ती रोज ओल्या फडक्याने त्यावरचा चेहरा पुसत होती, आणि पोरगा थोडा थोडा फडक्यावर येत होता.

हे तिला सांगणं माझ्याच्याने झालं नाही. "मशीनचीच चूक हाय," मी म्हणालो. "छापताना कापसाचा तंतू अडकला असन. म्हणून रंग धरला नाही."

मग तिने स्वतःचं जुनं कार्ड माझ्याकडून मागून घेतलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"आमी दोघं कार्ड काढाले संगंच आलतो. एकाच दिवशी. तो माह्या मांगं उभा होता."

तिच्या कार्डावर तिचा चेहरा कालच छापल्यासारखा स्वच्छ होता.

"माहं काहून नाही गेलं मंग?"

मागून कोणीतरी घाई करत होतं, त्याच्यावर खेकसायचंही मला सुचलं नाही. म्हातारी मुलाच्या कार्डाकडे पाहत होती. सवयीनेच तिने पदराचं टोक त्यावरून फिरवलं आणि तिचा हात थांबला. पदराला कुंकू लागलं होतं. ते तिने पाहिलं, मग आपलं बोट पाहिलं.

"मीच पुसलं त्याले," ती म्हणाली आणि मुलाचं कार्ड घेऊन निघाली.

तिचं नवं कार्ड खिडकीतच राहिलं. मी हाक मारली, पण ती वळली नाही. मग पुढचा माणूस आला, त्याच्या मागचा आला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी चेहरे छापत बसलो. एकाही चेहऱ्यावर रेघ आली नाही.