जोड लावणारे साडू

साडूभाऊंचा वीस बाजूंचा फासा मी लिमलेटची गोळी समजून तोंडात टाकला, तिथून आमच्या खेळाची सुरुवात झाली. दोष सगळा माझा नव्हता. फासा केशरी होता, आरपार दिसत होता, स्टीलच्या वाटीत होता आणि वाटी माझ्या चहाशेजारी ठेवलेली होती. मी तो दाढेखाली घेतला, कडकन आवाज झाला आणि दाढेत भरलेलं सिमेंट बाहेर आलं. फाशाला काहीही झालं नाही. तो माझ्या तोंडातून बशीत पडला, दोनदा गडगडला आणि थांबला. साडूभाऊंनी वाकून आकडा पाहिला. "पाव्हणं, ह्यो खायचा नसतो, टाकायचा असतो," ते म्हणाले. मग जरा कौतुकाने, "पण टाकला झकास. एकोणीस!"

दोन माणसांत एक वरचढ आणि एक दबलेला दिसला की ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस सबंध पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. मुक्काम लातूर, पेशा शाळेत खेळाचे मास्तर. आता निवृत्त झालेत, पण शिट्टी अजून गळ्यात असते. त्यांचे वडील मुखेडकडच्या गावांमध्ये जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावायचे. म्हणजे फडात पोरं समोरासमोर उभी करायची, दंड चाचपायचे, मानेचा घेर डोळ्यानेच मापायचा आणि कोण कुणाशी लढणार ते ठरवायचं. जोड बरोबर लागली तर कुस्ती रंगते. चुकली तर एक पोरगा बघता बघता आभाळ बघतो आणि लोक शेंगा सोलायला लागतात. साडूभाऊंना वारशात शेती आली ती थोडी, ही नजर मात्र सगळी आली. वडील वर्षातून चार जत्रांमध्ये जोडी लावायचे, साडूभाऊ उठल्यापासून झोपेपर्यंत लावतात.

पंगतीत बसले की त्यांचं लक्ष स्वतःच्या ताटात नसतं. "ओ वाढपी, त्या टोकाच्या आजोबाला बुंदी कमी पडली बघा," हे वाक्य त्यांनी म्हटलं नाही असं लग्न मी पाहिलेलं नाही. लातूर-नांदेड बसमध्ये एका बाकड्यावर दोन धिप्पाड आणि दुसऱ्यावर दोन किडकिडीत माणसं दिसली, की ते उठून त्यांची अदलाबदल करतात आणि ती माणसंही का कोण जाणे, मुकाट्याने उठतात. कॅरम खेळताना मला जरा जमायला लागलं की म्हणतात, "आता डाव्या हातानं." त्यांच्या गल्लीत एकदा नालीवरून दोन शेजाऱ्यांचं भांडण जुंपलं. त्यातल्या एकाला शिव्याच येत नव्हत्या, बिचारा "हे योग्य नाही" याच्यापुढे जाईना. साडूभाऊ त्याच्यामागे जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात एकेक शिवी पुरवू लागले. तो गडी असा काही पेटला की समोरचा रडकुंडीला आला. तशी साडूभाऊंनी नाली ओलांडली आणि पलीकडच्याला पुरवठा सुरू केला. आमचं लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सासऱ्यांना सांगितलं होतं, "जोड न्हाई बसत. पोरगी लई भारी पडंल." सासऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही, म्हणून माझा संसार झाला. निदान मात्र अचूक होतं, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो.

हा फाशांचा खेळ त्यांच्या मुलीचा. ती इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला गेली आणि खोकं घरात राहिलं. साडूभाऊंनी इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, तुम्ही गुहेत आहात, समोर राक्षस आहे. बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होऊन आपण काय करणार ते सांगतात, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला पुस्तकात काही भारदस्त नाव होतं. साडूभाऊंनी ते खोडून 'पंच' केलं.

हे खोकं घेऊन ते नांदेडला आले ते माझी बायपास झाल्यावर. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "रोज चालायचं. बसून राहिलात तर माझं काम फुकट जाईल." मी मान हलवली, घरी आलो आणि खुर्चीत बसलो. छातीचं हाड तारेने बांधलंय हे मला कुणीतरी सांगितलं होतं, आणि चार पावलं टाकली की ती तार सुटणार अशी माझी पक्की समजूत झाली होती. दारापर्यंत जायचो, घाम फुटायचा, की परत खुर्ची. पूर्वी गव्हाचा डबा गिरणीत नेणं, सिलिंडर लावणं, पाण्याचे जार चढवणं ही माझी खाती होती. आता बायको शाळेतली नोकरी सांभाळून तेही करत होती. मी बघत बसायचो, आणि तिने माझ्याकडे पाहिलं की कॅलेंडर बघायचो. तिने समजावलं, रागावली, एकदा रडलीही. मी जागचा हललो नाही. मग एका रविवारी सकाळी साडूभाऊ आणि अक्का बसमधून उतरून दारात उभे. चौकशी नाही, उपदेश नाही. "चला, गुहेत जायचंय," एवढंच. मग दर रविवारी येऊ लागले.

मी योद्धा झालो. बायको आणि अक्का दोघी मांत्रिक. सुरुवातीला मी फडाचा राजा होतो. त्या दोघींना एकेकच मंत्र यायचा, तोही टाचणी टोचल्यासारखा. मी ढाल घेऊन पुढे, त्या माझ्या पाठीशी. "अहो, जरा माझ्याकडे बघा," असं बायको म्हणायची आणि मी दोन राक्षसांना कापून तिच्याकडे बघायचो. सुखाचे दिवस होते. पण या खेळात अनुभवाप्रमाणे पायरी चढते, आणि प्रत्येक पायरीला मांत्रिकाला नवा मंत्र मिळतो, योद्ध्याला नुसती जरा जड तलवार. मी कडा चढायला दोर काढला की अक्का उडून वर पोचलेली. मी दाराला खांदा लावला की बायकोने फुंकर मारून कुलूप उघडलेलं. एकदा मी आरोळी ठोकून तलवार उपसली, तोवर बायकोने सबंध गुहा झोपवली होती. झोपलेल्या राक्षसांमधून मी चपला हातात घेऊन चालत गेलो. पुढे अक्काने मंत्राने एक कुत्रा उभा केला. तो माझ्यापेक्षा चांगला लढायचा.

त्या दिवशी मी ढाल दर्शवणारी सुपारी खाली ठेवली. "साडूभाऊ, माझ्या योद्ध्याला मारून टाका. त्याला काही काम राहिलेलं नाही. नुसता दुसऱ्यांच्या मागे ओझं होऊन चालतोय."

बोललो गुहेबद्दलच, पण खोलीत कुणालाही ते गुहेबद्दल वाटलं नाही. बायको चहाचं बघते म्हणून आत गेली. साडूभाऊंनी फासे वाटीत गोळा केले.

"जोड चुकली," ते म्हणाले. "ह्यात चूक पैलवानाची नसती, पाव्हणं. पंचाची असती."

त्या आठवड्यात लातूरहून रोज फोन. तलवारीला आग लावली तर? बायको म्हणाली, "दाजी, मग मी ती आग विझवीन, माझ्याकडं तो मंत्र हाय." मग आमचे मंत्रच कमी करा, असं तिकडे शेजारी बसलेल्या अक्काने सुचवल्यावर मात्र ते उखडले. "एकाला लंगडा करून दुसरा पैलवान होतो व्हय गं? वडलांनी माझी कातडी सोलली असती!" ते फोनवर इतक्या जोरात बोलले की फोन टेबलावर असूनही मला खुर्चीत ऐकू आलं.

रविवारी आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक तांब्या होता. तो त्यांनी मधोमध ठेवला. "नवा नियम. आपल्याकडं साधा शाप द्यायचा तरी आधी ओंजळीत पाणी घेत्यात. मंत्राला पाणी लागतं. एक मंत्र, एक ओंजळ. आन् गुहेत पाणी न्हाई."

"मग आम्ही आणू की," अक्का म्हणाली.

"मांत्रिकाचे हात मोकळे लागतात. पाणी वाहायचं योद्ध्यानं."

मी उठून माठाकडे निघालो, तशी शिट्टी वाजली. "घरातलं चालत न्हाई! विहीर गुहेच्या भाईर असती. वाहून आणलेलंच पाणी मंत्राला लागतं. त्या वेल्डिंगवाल्या चाचांच्या दुकानापुढं पाणपोईचा रांजण हाय, ती आपली विहीर."

चाचांचं दुकान गल्लीच्या टोकाला. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं. "डॉक्टरांनी तांब्या उचलायला ना म्हटलंय का?" साडूभाऊंनी विचारलं. म्हटलं नव्हतं. समोर राक्षस उभा, दोन्ही मांत्रिक कोरड्या, बायको हवालदिल. मी तांब्या घेतला आणि छातीवर एक हात धरून, तार सांभाळत, गल्लीत उतरलो.

"क्या साब, नल बंद है क्या?" चाचांनी विचारलं.

"नाही चाचा, गुहेत राक्षस आहे. मंत्रासाठी पाणी पाहिजे."

चाचांनी तोंडासमोरची काच वर करून माझ्याकडे पाहिलं. बायपासचं त्यांना माहीत होतं; ऑपरेशन डोक्याचंही होतं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तांब्या मात्र त्यांनी स्वतः भरून दिला.

घरी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि तार शाबूत होती. बायकोने ओंजळ पुढे केली, मी धार धरली, तिने मंत्र म्हणून पाणी मोगऱ्याच्या कुंडीत सोडलं आणि राक्षस आडवा झाला. "पाणी आणलं म्हणून वाचलो," ती म्हणाली. खेळच तो, पण कित्येक महिन्यांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या मांत्रिक भलत्याच उधळ्या झाल्या. पूर्वी एका मंत्रात गुहा झोपवणारी बायको आता वटवाघूळ हाकलायला ओंजळ मागू लागली. "अगं, टाळी वाजव की! वटवाघळाला कसला मंत्र?" मी ओरडायचो. "मला भीती वाटते," ती म्हणायची. जिने उभ्या जन्मात झुरळ मारायला चपलेचीही वाट पाहिलेली नाही. अक्काने तर एकदा गुहेतली वाट झाडायला मंत्र वापरला. मी काही इतका मठ्ठ नाही, तिसऱ्या रविवारी सगळं लक्षात आलं. पण समजल्याचं दाखवलं असतं तर खेळ मोडला असता, आणि खरं सांगायचं तर मला ते वटवाघूळ आवडायला लागलं होतं. मी कुरकुर करत तांब्या उचलायचो. पुढच्या गुहेची विहीर साडूभाऊंनी चाचांच्याही पलीकडे, चौकातल्या रसवंतीवाल्याकडे नेली. त्याच्या पुढच्या गुहेची, बाजाराजवळ. मोगऱ्याने त्या वर्षी काय फूल धरलं म्हणता!

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत खूश होऊन विचारलं, "कसं जमवलंत?" मी म्हणालो, "मांत्रिकांना पाणी लागतं." डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने गंभीरपणे मान डोलावली.

आता साडूभाऊ आणि अक्का मुलीकडे पुण्यात राहायला गेलेत. खोकं आमच्याकडे ठेवलंय. रविवार येतो, मी सवयीने चाचांपर्यंत जातो, तिथून गोदावरीच्या घाटापर्यंत चालून येतो, आणि घरी आल्यावर शिट्टी वाजत नाही हे दर वेळी नव्याने जाणवतं. परवा न राहवून फोन केला. म्हटलं, "साडूभाऊ, एकदा तुमचे आभार मानायचे राहिलेत." पलीकडून घाईघाईने उत्तर आलं, "कशाचं आभार? तुम्ही पाणी आणलं, मी गोष्ट सांगितली. फिट्टंफाट! आभार मानून आता मला वर बसवू नका." आणि फोन बंद.

मी बायकोला म्हणालो, "बघ, ऐकूनसुद्धा घेत नाहीत."

ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तांब्या घेऊन बाहेर पडलात की दाजी खेळ थांबवायचे. खिडकीत उभे राहायचे, तुम्ही परत दिसेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. एकदा तुम्ही चाचांशी गप्पा मारत बसलात आणि लई उशीर झाला. तर अनवाणीच धावत सुटले, कोपऱ्यापर्यंत गेले, तुम्ही येताना दिसलात तसे पळत परत येऊन जागेवर बसले. घामाघूम झालते, धाप लागली होती. आणि तुम्ही आत येऊन त्यांना काय म्हणालात आठवतंय? 'साडूभाऊ, तुम्हीसुद्धा रोज थोडं चालत जावा.'"