नजरेखालची भेग

कोगनोळीच्या सन्मती मगदूम यांनी सव्वीस वर्षं लोखंडातल्या भेगा शोधल्या. आधी बेळगावच्या एका कारखान्यात नोकरी करून, मग स्वतःचं यंत्र घेऊन. तारेचं छोटं वेटोळं फिरत्या शाफ्टजवळ बसवायचं, न टेकवता. वेटोळ्यातल्या विजेमुळे शाफ्टच्या धातूतही विजेचे भोवरे उठतात. वाटेत भेग आली की ते वळसा घेतात आणि पडद्यावरची रेघ उसळते. डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी आधी.

गेल्या हंगामात एका साखर कारखान्यानं त्यांना बोलावलं. ऊस कुटणाऱ्या यंत्राचा शाफ्ट थरथरत होता. सन्मतींनी चालू यंत्राला वेटोळं लावलं. शाफ्टला चावी, म्हणजे चाक पक्कं धरणारी पाचर, बसवायची खाच होती, तिची एक उसळी दर फेऱ्याला येणारच. पण तिच्या मागोमाग दुसरी येत होती, बारीक.

"साहेब, भेग हाय. आजच थांबवा," ते चीफ इंजिनिअरला म्हणाले.

"अण्णा, गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग बघितलीत ना? नवा शाफ्ट यायला दोन आठवडे लागतील. तोवर तुम्ही रोज येऊन बघा. वाढली तर थांबवू."

"ह्यात वरवरचं कळतंय. आत किती गेलीय ते न्हाय सांगता येत."

"नजर ठेवा, एवढंच म्हणतोय."

सन्मतींनी 'यंत्र थांबवावे' असं लिहून दिलं. घरी राजश्री, त्यांची बायको, म्हणाली, "ऐकत न्हाईत तर जाऊ नका की." पण आपण नाही गेलो तर कुणीच बघणार नाही, असं त्यांना वाटलं. ते रोज गेले.

यंत्राला तेल घालायला भरमू असायचा.

"लांब ऱ्हा रं तिथनं," सन्मती त्याला म्हणायचे.

"लांबनं तेल कसं घालू अण्णा?" भरमू हसायचा. "आन तुमी बघतायसा की रोज. मला काय घोर न्हाय."

रोजच्या कागदावर ते 'फरक नाही' लिहीत आणि सही करत. आठव्या दिवशी 'किंचित वाढ' लिहिलं आणि धावत चीफकडे गेले. "किंचितच ना?" चीफ म्हणाला. "सहाच दिवस काढायचेत."

बाराव्या दिवशी सन्मती पोचायच्या आतच, सकाळी साडेनऊला, शाफ्ट तुटला. तुकडा पत्र्याचं झाकण फाडून बाहेर आला. भरमू निपाणीच्या दवाखान्यापर्यंतही टिकला नाही.

चौकशीत सन्मतींचा पहिला कागद फाइलमध्ये होताच. अधिकाऱ्यानं तो वाचला, मग पुढचे दहा समोर पसरले. "सह्या तुमच्याच ना? धोका माहीत होता, तर रोज तपासून चालू कसं ठेवू दिलंत?"

'तज्ज्ञाच्या देखरेखीखाली यंत्र सुरू होते,' असं अहवालात आलं. चीफवर काहीच आलं नाही.

महिन्यानं ते भरमूच्या घरी गेले. त्याची बायको जयाबाई उंबऱ्यात बसली होती.

"तुमाला दिसत हुतं न्हवं, अण्णा?"

"व्हय."

ती उठून आत गेली. सन्मती अंगणातूनच परत आले.

यंदा हंगाम सुरू झाल्यावर कारखान्यातून पुन्हा फोन आला. त्यांनी घेतला नाही. आता कोल्हापूरहून कुणीतरी येतो. रोज बघतो आणि सही करून जातो.