संजूचा धाकटा

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही. ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. आणि सुरुवात अशी आहे की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं — एका खेळापासून. तोही खरा नाही, इंटरनेटवरचा.

संजू आणि मी खामगावला एका वर्गात होतो. तो उंच, शाळेच्या बास्केटबॉल संघात. मी मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन बसायचो आणि सगळ्यांच्या चपला सांभाळायचो. पुढे मी मास्तर झालो. तो तासाभरावरच्या आपल्या गावी, कपाशीत. भेटी कमी झाल्या. मग त्यानंच हा खेळ शोधून काढला. यात चेंडू हाताला लागत नाही. आपण नुसते संघ चालवणारे — कोण कुठल्या जागी खेळणार ते ठरवायचं, सामना संगणक खेळवतो. आम्ही दोघांत मिळून एक संघ घेतला.

त्या संघात एक अठरा वर्षांचा पोरगा आला. नाव कुठल्या तरी थंड देशातलं, दोघांच्याही जिभेवर न बसणारं. संजूनं त्याला ‘धाकटा’ करून टाकलं. चांगला उंच, बास्केटखाली उभं राहायलाच जन्मलेला. पण संजूला त्याला चेंडू खेळवत न्यायला शिकवायचं होतं. ते बुटक्यांचं काम. या खेळात पोरगा ज्या जागी खेळतो तेवढंच शिकतो, आठवड्यातून एकदा, आणि वय लहान आहे तोवरच. म्हणजे त्याला नको त्या जागी उभं करायचं आणि हरत राहायचं. आम्ही हरत राहिलो. मी कुरकुरलो की संजू म्हणायचा, “हारू दे ना बे मास्तर. पोरगं शिकून राह्यलं. शाळेत मले उंच म्हून खांबावानी उभं ठेवलं सायच्यानं. याले तरी शिकू दे.”

मग ते साल आलं. बीटी कपाशीला अळी लागत नाही असं ऐकत इतकी वर्षं पेरलेलं — आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. संजूकडे पेट्रोलवरचा पंप होता. स्वतःचं रान झालं की तो दुसऱ्यांच्या रानात फवारायला जायचा. कपाशी त्या साली त्याच्याही डोक्याच्या वर गेलेली. औषध वरच्या पानांवर मारायचं म्हणजे तोंडावरच घ्यायचं. त्याला मोबाइल उघडायला सवड नव्हती. म्हणाला, “धाकट्याले तू पाह्य. त्याची जागा बदलू नको फक्त.”

मी बदलली.

पहिल्याच आठवड्यात. धाकट्याला बास्केटखाली उभा केला आणि आम्ही जिंकलो. पुन्हा जिंकलो. जन्मभर चपला सांभाळलेल्या माणसाला जिंकणं कसं लागतं, सांगू? जेवणावर मन राहत नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मला गुणतक्ता दिसायचा. संजूचा फोन आला की तो शेताचं बोलायचा नाही. “धाकटा कसा हाय?” एवढंच. मी म्हणायचो, शिकतोय. आधी एवढंच. मग खोटे आकडे सांगू लागलो — पास सुधारला, हात सुधारला. तो खूश व्हायचा. एकदा म्हणाला, “साल्या, हा तं माह्यावर गेला.” तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का? मी हसलो.

एका बुधवारी त्याचा फोन आला. आवाज जड होता. “डोळ्यापुढं धुकं येऊन राह्यलं बे. मोबाइलवरलं दिसत नाही. मळमळते बी. शनिवारी खामगावले येतो. डॉक्टरले दाखवतो, अन् तुह्या घरी येऊन धाकट्याले पाह्यतो. तुह्या मोठ्या स्क्रीनवर दिसन.”

एवढ्या बोलण्यातलं मला काय ऐकू आलं असेल? शेवटचं. फक्त शेवटचं.

मी म्हणालो, या शनिवारी मी नाही, शाळेच्या कामानं बुलढाण्याला चाललोय. पुढच्या शनिवारी ये. आणि डोळ्यांचं — हेही मीच म्हणालो — जागरणानं होत असेल, झोप काढ.

तो म्हणाला, “हाव. मंग पुढच्याच येतो. एका खेपेत दोन्ही होऊन जाईन.”

मधले दिवस तो फवारत राहिला. पुढचा शनिवार उजाडायच्या आत त्याला जीपमध्ये आडवं घालून खामगावला आणलं. शुद्ध नव्हती. तोंडाला फेस होता. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर अकोल्याला न्या म्हणून सांगत होते. तो वाटेतच गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंगाला औषधाचा वास येत होता.

आठवडाभर आधी आला असता तर वाचला असता? डॉक्टरांना मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

तो संघ अजून आहे. आता मी धाकट्याला संजूनं ठरवलेल्या जागेवर खेळवतो. त्या खेळात वर्षं भराभर जातात. त्याचं शिकायचं वय केव्हाच सरलं. तो चेंडू घालवतो, आम्ही हरतो. यानं कुणाचं काही फिटत नाही, हे मला कळतं.

तेराव्याला संजूची बायको, शोभा, आलेल्या बायकांना सांगत होती. मी दाराशी बसलो होतो. “शनिवारी दाखवाले जानार होते. कपडे बी काढून ठेवले होते. पन मास्तरभाऊ गावाले जानार होते ना, म्हून राह्यले.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमची लय आठवन काढे भाऊ. तुमच्याबिगर कोन होतं त्याईले.”

मी मान हलवली.

त्या शनिवारी मी खामगावातच होतो. दिवसभर घरी.