कमळाकरची पिशवी आणि माझी यादी

कमळाकर म्हात्रेवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. पालेगावात आमची सोसायटी उभी आहे ती जमीन म्हणजे एके काळी त्याच्या बापाची भातशेती. बदल्यात त्याला पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. नोकरी नाही, धंदा नाही, आणि कुणाकडे मयत झाली की हा सगळ्यांच्या आधी हजर. तिरडीचं सामान कुठे मिळतं, स्मशानात लाकडांचं कुणाला सांगायचं, सगळं तोंडपाठ. मी अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीला काढली. न बोलावता मदतीला धावणारा माणूस दिसला की मी आधी त्याचे खिसे बघतो.

तिसऱ्या मजल्यावरचा समीर चौतिसाव्या वर्षी गेला. ऑफिसात चक्कर येऊन पडला, मेंदूत रक्तस्राव झाला, अकरा दिवस आयसीयूत होता. विम्याची रक्कम सहाव्या दिवशीच संपली. मागे बायको राजसी आणि पाच वर्षांची मुलगी. हॉस्पिटलचं उरलेलं बिल, अ‍ॅम्ब्युलन्स, अंत्यविधी, सगळं तिच्यापुढे एकदम येऊन पडलं.

सकाळी साडेसातला कमळाकरने आमची बेल वाजवली. हातात मांजरपाटाची पिशवी, तोंड नाडीने आवळलेलं, जेमतेम मनगट आत जाईल एवढं.

"समीरचे घरासाठी," तो म्हणाला. "मूठ घालाची."

"पावती?"

"नाय."

"मग जीपे करतो."

"मोबाईलवं नाव येते, सायेब. रोखच पायजे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पावती नको, नाव नको, फक्त रोख. माझा चेहरा बघून त्याने समजावलं, "आमचे गावान मयतीला अशीच पिशवी फिरते. ज्याचेकडं नाय तो रिकामी मूठ घालतो, पन घालतो. कोनी किती दिला ते कलत नाय. नाव कलला तं त्या पोरीला ओझा व्हयल. जनमभर फेडीत बसल."

नीलिमाने, माझ्या बायकोने, कपाटातून पाचशेच्या दहा नोटा आणून माझ्या हातात दिल्या. त्या मी खिशात सरकवल्या आणि पिशवीत रिकामी मूठ घातली. हा माणूस लक्ष ठेवतो का, ते मला बघायचं होतं. तो आमच्या चपलांच्या स्टँडकडे बघत होता. पैसे उद्या राजसीच्याच हातात देऊ, असं मी ठरवलं. ते राहूनच गेलं.

संध्याकाळी राजसीच्या भावासमोर पिशवी उघडली. एक लाख बारा हजार निघाले. बिल भागलं, समीरचा अंत्यविधी नीट पार पडला. सोसायटीभर कमळाकरचं कौतुक सुरू झालं आणि माझं डोकं सणकलं. मी सेक्रेटरी. मोजदाद माझ्याकडे नको?

तिसऱ्या दिवशी वही घेऊन घरोघर फिरलो. कुणी किती घातले ते विचारलं आणि लिहून घेतलं. सुरुवात सेक्रेटरीपासून, म्हणून पहिलं नाव माझंच टाकलं, पुढे पाच हजार. बेरीज एक लाख एकतीस हजार झाली. यादी लिफ्टशेजारी चिकटवली, ग्रुपवरही टाकली आणि रविवारी मीटिंग बोलावली.

"एकोणीस हजार कुठे गेले?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्यातले पाच माझेच, हे मला ठाऊक होतं. पण उरलेले चौदा तर याने खाल्ले असतील ना? बाकीचेही माझ्यासारखेच असतील, हे तेव्हा डोक्यात आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही.

कमळाकर एवढंच म्हणाला, "यादी काडा, सायेब. पोर बघल."

दुसऱ्या दिवशी त्याने एकोणीस हजार राजसीकडे नेऊन दिले. "बघ," मी नीलिमाला म्हणालो, "चोरी उघडी पडली की माणूस असा गुपचूप भरतो." सगळ्यांना ते पटलं. फार पटकन पटलं, हे आता जाणवतं. पुढे बी विंगमध्ये कुणाची आई गेली, तेव्हा पिशवी काही फिरली नाही. ग्रुपवर जोडलेले हात तेवढे भरपूर आले.

चार महिन्यांनी राजसी आमच्या दारात उभी राहिली. बदलापूरला एका दवाखान्यात ती नोकरीला लागली होती. तिने पाकीट पुढे केलं.

"काका, पहिल्या पगारातले पाचशे. दर महिन्याला थोडे थोडे देईन. तुमचं नाव सगळ्यात वर आहे, म्हणून सुरुवात तुमच्यापासून."

"अगं, परत घ्यायला दिले नव्हते कुणी."

"माहीत आहे. पण लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की मला त्यांचा आकडाच आठवतो. पूर्वी सरळ बघून बोलता यायचं." मोबाईलमध्ये तिने माझ्या यादीचा फोटो जपून ठेवला होता.

मागून नीलिमा म्हणाली, "घ्या हो, तिला बरं वाटेल." मी पाकीट घेतलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तसाच जिना उतरून कमळाकरकडे गेलो. तो दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होता.

"त्या दिवशी माझी मूठ रिकामी होती," मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. "मना म्हायती हाय. पिशवी माजे हातान व्हती."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"रीत हाय, सायेब. मुठीतला सांगाचा नाय."

मी पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"ते तुमचे नावावं आलाय," तो म्हणाला आणि शेंगा सोलत राहिला.