निघताना कुणी विचारलं नाही

ती तक्रार मी माझ्या हाताने लिहून घेतली होती, म्हणून तिचं एकेक वाक्य अजून लक्षात आहे. वाक्यं लक्षात असली तरी त्यांचा मेळ त्या दिवशी लागत नव्हता. काही गोष्टींचा अजूनही लागलेला नाही.

निवृत्त पोलीस म्हटल्यावर लोक पिकल्या मिशांचे गृहस्थ डोळ्यांसमोर आणतात. मी दक्षिण ऑकलंडमध्ये सहा वर्षं कॉन्स्टेबल होते आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिशीच्या आतच बाहेर पडले. शाळा इंग्रजी माध्यमाची, पुण्यातही आणि इथेही. त्यामुळे जे घडलं ते साधंच लिहिणार आहे. नाव कुणाचंही देणार नाही, त्या शहराचंही नाही.

हिवाळा होता. सोमवारी दुपारी काउंटरवर माझी पाळी होती. अशा वेळी येणारे लोक बहुतेक हरवलेलं पाकीट, फोडलेली गाडीची काच असलं काही घेऊन येतात. एक गृहस्थ आले, पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं. माझ्या छातीवरची आडनावाची पट्टी वाचून त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते थेट मराठीत बोलू लागले. बायको परदेशात आहे, तीन दिवस फोन लागत नाही. मी विचारलं, परदेशात कुठे? त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढली.

ते आयटीतले. बायकोच्या सहलीचा त्यांनी तक्ता करून दिला होता. दहा दिवस ग्रीस आणि तुर्कस्तान, रोजचं हॉटेल, तिथला फोन, बसच्या वेळा, सगळं. शेवटचं हॉटेल इस्तंबूलमधलं. त्याखाली सहा ओळी रिकाम्या होत्या.

"हे सहा दिवस?"

"तिने परतीचं तिकीट पुढे ढकललं. गाडीत बॅगा ठेवल्यावर सांगितलं मला."

"काका, मग तुम्ही विचारलं नाही का, कुठे जाणार म्हणून?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी मराठी असून हे कसं विचारते. मग म्हणाले, "निघताना माणसाला कुठे म्हणून विचारायचं नसतं."

मला माहीत होतं. आमच्या घरीही हेच. चप्पल पायात घातली की आई ओठ मिटून घेते. पण तक्रारीच्या फॉर्मवर 'शेवटचा ज्ञात पत्ता' असा रकाना होता आणि तो भरायला माझ्याकडे काही नव्हतं. निघताना नाही, तर नंतर फोनवर तरी विचारायचं, असं मी म्हटलं. त्यावर काकांनी कागदांच्या कडा पुन्हा जुळवल्या. शेवटी म्हणाले, "तिने आपणहून सांगितलं नाही. मग मीही नाही विचारलं."

तिचा शेवटचा निरोप त्यांनी दाखवला. 'पोचले. समुद्र छान आहे.' एवढंच. कुठला समुद्र, ते नाही.

माझा सार्जंट माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, फार शांत स्वभावाचा. त्याने काकांना 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला, फॉर्म वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला की, बाईने कदाचित जाणूनबुजून सहा दिवस स्वतःसाठी घेतले असतील. नवऱ्याला न सांगता फिरणं हा गुन्हा नाही. मलाही ते पटलं. पण काका तक्त्यातल्या त्या सहा रिकाम्या ओळींवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते, आणि वाद घालून आलेल्या नवऱ्याला असं करताना मी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मनुरेवातल्या त्यांच्या घरी गेले. पासपोर्टची प्रत, अलीकडचा फोटो, औषधांची यादी घ्यायची होती. मुलगी युनिव्हर्सिटीत शिकणारी. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिच्या मते आई ग्रीसमध्ये होती. काकांना ती तुर्कस्तानात असावी असं वाटत होतं. तेवढ्यात काकांनी दोघांच्या सामाईक बँक खात्याचं पान उघडलं. कार्ड शेवटचं वापरलं होतं तुर्कस्तानच्या अगदी दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठच्या एका शहरात. नकाशावर मी त्या शहरापासून बोट उजवीकडे सरकवलं, तर ते सीरियाच्या सीमेवर गेलं. गाडीने तासाभराचा रस्ता.

"ती बातमी," मुलगी म्हणाली, पहिल्यांदाच मराठीत.

दोन दिवसांपूर्वी त्या शहराशेजारच्या गावात स्फोट झाल्याचं आम्ही सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलं होतं. पाहून पुढच्या बातमीकडे वळलोही होतो. त्या पट्ट्यात जाऊ नका, अशी न्यूझीलंड सरकारची सूचना होती. काकू पुकेकोहेतल्या कांद्याच्या पॅकहाऊसमध्ये मालाची गुणवत्ता तपासायच्या. डागाळलेला कांदा लांबून ओळखणारी, रांगेत एक पाऊल इकडचं तिकडे न होऊ देणारी बाई. ती तिथे कशाला जाईल?

घरातून निघताना एक गोष्ट मला खटकली. दीड तास बसले, पण मला कुणी चहा विचारला नाही. त्या अवस्थेत कोण विचारेल, असं म्हणून मी ती सोडून दिली. पोलिसाने खटकलेली गोष्ट सोडू नये, हे प्रशिक्षणात शिकवलेलं होतं.

मंगळवारी सकाळी तुर्कस्तानातल्या आमच्या दूतावासाचं उत्तर आलं. लाखो वस्तीच्या शहरात नुसत्या फोटोवरून शोध घेता येत नाही. काही भागांत संचारबंदी आहे. राहण्याचा पत्ता मिळाला तर ताबडतोब माणूस पाठवू. म्हणजे सगळं एका पत्त्यावर अडलं होतं.

काकूंच्या पॅकहाऊसमध्ये मी सकाळीच फोनवर चौकशी केली होती. दहाच्या सुमाराला तिथून फोन आला. पॅकहाऊसमधली एक बाई, नाव सांगायला तयार नाही. म्हणाली, तुम्ही शोधताय त्या बाईंना निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीतळावर एका कामगाराने पुडकं दिलं. तो सीरियाचा आहे.

खरं सांगायचं तर, ते ऐकून मला हायसं वाटलं. इतका वेळ काहीच जुळत नव्हतं आणि आता एक सरळ रेघ दिसत होती. पुडकं, सीमा, स्फोट. त्या रेघेची मला आजही लाज वाटते.

त्याला स्टेशनवर बोलावलं. चाळिशीचा, फोर्कलिफ्ट चालवणारा, नखांत कांद्याची माती. अटक नव्हती, फक्त जबाब. पुडकं दिल्याचं त्याने लगेच मान्य केलं. आत काय होतं, याचंही उत्तर दिलं. श्रवणयंत्रं, दोन कानांची दोन, आणि बॅटऱ्या. त्याची आई त्या शहरात होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. फोनवर तो बोलायचा आणि ती पलीकडून नुसती रडायची. टपालाने पाठवलेलं पुडकं दोनदा परत आलं होतं. डब्याच्या सुट्टीत त्याने हे काकूंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मी इस्तंबूलपर्यंत जातेच आहे.

"आईचा पत्ता?"

तो त्याने सांगितला नाही. मी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. आवाज चढवला. बाईच्या जिवाला काही झालं तर जबाबदार कोण, असंही म्हटलं. तो टेबलाकडे बघत राहिला. माणूस खोटं बोलताना बहुधा जास्त बोलतो, हे मी तोवर शिकले होते. हा काहीच बोलत नव्हता आणि त्याचा अर्थ मला लावता येईना. सार्जंटने मला थांबवलं आणि हळू आवाजात त्यालाच विचारलं, तुझ्या आईकडे तिथे राहायचे कागद आहेत का?

त्याने मान हलवली. नाहीत. पोलिसांच्या कागदावर पत्ता गेला की तो कुठल्या पोलिसांच्या हातात पडेल, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी त्याला तसं होणार नाही असं वचन देऊ शकले असते. दिलं नाही, कारण ते खरं आहे की नाही तेच मला ठाऊक नव्हतं.

एका आईचा पत्ता मिळाला असता तर दुसऱ्या आईचा मिळाला असता. तो मागायचा की नाही, ते न ठरवताच मी चार वाजता काकांकडे निघाले. आता बातमी माध्यमांना द्यायची का, हे विचारायचं होतं.

काका स्वयंपाकघरात उभे होते. ओट्यावर कॉफीचे पाच-सहा कागदी पेले. बायको गेल्यापासून ते कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, कॉफी आणत होते. त्या दुकानदाराने आज त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, एवढं सांगताना ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मला अशा वेळी काय करावं कळत नाही. खांद्यावर हात ठेवणं मला जमत नाही. मी म्हटलं, काका, मी चहा टाकते.

"मला सापडणार नाही काही," ते म्हणाले. "चहा तीच करते."

डबा गॅसच्या वरच्या फळीवर, आमच्या घरी असतो तिथेच. झाकण घट्ट होतं. उघडलं, तर पावडरीवर चार घड्यांचा कागद.

तो मी तिथे उभ्यानेच वाचला. काकूंचं अक्षर ठसठशीत होतं. मी अमुक शहरात, अमुक पाहुणघरात राहणार आहे. मालकीणबाईंचा फोन खाली दिला आहे. सीमेकडे जाणार नाही, पुडकं स्वतः उघडून तपासलं आहे. पासपोर्टची प्रत कपाटात. तुम्ही नको म्हणाला असता म्हणून आधी बोलले नाही. सकाळी चहा करताना हे वाचालच. रागावू नका, फोन करा.

कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, मग डब्याकडे पाहिलं, मग पेल्यांकडे. पंधरा दिवस.

तिकडे सकाळचे साडेसात वाजले असावेत. सार्जंटला कळवून मी तिथूनच पाहुणघराला फोन लावला, स्पीकरवर. मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी काकूंचं नाव आणि 'न्यूझीलंड' एवढंच तीनदा म्हटलं. पलीकडे पावलं वाजली, दार वाजलं.

"हॅलो? कोण?"

"काकू, मी ऑकलंडहून पोलीस बोलतेय."

 मग अगदी बारीक आवाजात, "घरी सगळे बरे आहेत ना?"

काका खुर्ची ओढून फोनजवळ सरकले. मीच सांगितलं की सगळे बरे आहेत, तुम्हालाच शोधतोय. हळूहळू कळलं. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदरातल्या बोटींचा फोटो काढला. त्यात लष्कराची चौकी आली. जवानांनी सभ्यपणे बोलून फोन तपासणीसाठी ठेवून घेतला. एकही नंबर त्यांना पाठ नव्हता. मग स्फोट झाला, रस्ते बंद झाले, पाहुणघराचं इंटरनेट गेलं. त्या खोलीत बसून होत्या.

"पण घरी नंबर आहे, करतील फोन, म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. "तीन दिवस फोनपाशी बसलेय मी. म्हटलं, इतका राग? चहाचा डबा उघडला नाही का हो तुम्ही?"

"नाही," काका म्हणाले. त्या फोनवरचा त्यांचा तो पहिला शब्द.

दूतावासाने पुढचं पाहिलं. त्यांच्या माणसासोबत काकू बसने बाहेर पडल्या आणि ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा घरी आल्या. यंत्रं त्यांनी आधीच पोचवली होती.

फाइल बंद करताना त्या कागदाची प्रत जोडायची होती. पाहुणघराचा पत्ता पुढच्या बाजूला होता. मागच्या बाजूला, पेन्सिलने, दुसरा एक पत्ता होता. मी पुढच्या बाजूची प्रत काढली. सार्जंट शेजारी उभा होता, त्याने पाहिलं आणि तो कॉफी आणायला गेला. ते बरोबर होतं की कर्तव्यात कसूर, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. फोर्कलिफ्टवाल्याची मी माफीही मागितली नाही. मी नियमात होते, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

लोक मला विचारतात, अशा ठिकाणी जावं का? सूचना असेल तर जाऊ नका. दुसऱ्याचं पुडकं नेऊ नका. चौकी, बंदर, गणवेश यांचे फोटो काढू नका. दोन नंबर तोंडपाठ ठेवा. हे सगळं मी ठामपणे सांगते. आणि मग मला एक बाई आठवते, जिने यातल्या निम्म्या गोष्टी मोडल्या आणि जिच्यामुळे कुठेतरी एका म्हातारीला मुलाचा आवाज ऐकू आला. तेव्हा ठामपणा जरा कमी होतो. एवढं मात्र कळलं की पत्ता लिहून ठेवणं आणि तो कुणाला तरी माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ कागद परत करायला मी महिन्याभराने त्यांच्या घरी गेले. चहा काकांनी केला, फार गोड. काकूंनी कागद घेतला, घडी केली आणि पुन्हा डब्यातच टाकला. बूट घालून मी दाराशी आले, तेव्हा काका मागून म्हणाले, "कुठे निघालीस?"

काकूंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"विचारू दे," ते म्हणाले.

अशा प्रश्नांना मी सहसा पुरतं उत्तर देत नाही. त्या दिवशी दिलं. आधी स्टेशनवर, मग पुकेकोहेला पॅकहाऊसमध्ये एकाला भेटायचंय, साडेसहापर्यंत घरी.